म्यानमार : घर दिलं, किल्ल्या नाही दिल्या

भगवती_बंदर (धागाकर्ता) | १ फेब्रुवारी, रात्री ९:१०

मी रत्नागिरीकर. घरी पाहुणे आले की त्यांना पावसला न्यायचं, भाट्याच्या किनाऱ्यावर न्यायचं आणि थिबा पॅलेस दाखवायचा, हा आमचा शिरस्ता. इंग्रजांनी १८८५ मध्ये मंडालेहून उचलून आणलेला बर्माचा शेवटचा राजा १९१६ मध्ये इथेच वारला आणि त्याची समाधीही इथेच आहे, एवढं शाळेपासून ठाऊक होतं. त्यापुढचा बर्मा मात्र माझ्या गावीही नव्हता. तो आला डिसेंबर २०१२ मध्ये. म्यानमारचे तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष थेन सेन राजाच्या समाधीसाठी रत्नागिरीला आले आणि आम्ही सगळे रस्त्यावर उभे राहून गाड्यांचा ताफा पाहत होतो. मग डिसेंबर २०१६ मध्ये राजाच्या मृत्यूला शंभर वर्षं झाली. त्या वेळी उपराष्ट्राध्यक्ष म्यिन्त स्वे आले, आणि सोबत सरसेनापती मिन आँग लाइंग.

त्यानंतर चारच वर्षांनी, १ फेब्रुवारी २०२१ च्या पहाटे, लोकशाहीवादी नेत्या आँग सान सू ची आणि राष्ट्राध्यक्ष विन मिन्त यांना राजधानी नेपिडोत अटक झाली. नवी संसद त्याच दिवशी पहिल्यांदा भरायची होती. म्यिन्त स्वे हंगामी राष्ट्राध्यक्ष झाले, त्यांनी आणीबाणी जाहीर केली आणि सारी सत्ता मिन आँग लाइंग यांच्या हाती सोपवली. आमच्या गावात येऊन, समाधीपाशी उभी राहून गेलेली ही दोन माणसं. तेव्हापासून दर १ फेब्रुवारीला मला ते आठवतं. आज त्यावर लिहायचं ठरवलं.

'म्यानमार लोकशाहीकडे चालला होता, लष्कराने त्याला मागे खेचलं' असं आपण वर्तमानपत्रात वाचतो. जितकं वाचत गेलो तितकं मला हे वाक्य खोटं वाटायला लागलं. ती वाट लष्करानेच आखलेली होती. कुठवर जायचं तेही त्यांनीच ठरवलेलं होतं. आपल्याकडे म्हणतात ना, घर सुनेच्या ताब्यात दिलं पण किल्ल्या सासूने कमरेलाच ठेवल्या, तसं.

२००३ च्या ऑगस्टमध्ये पंतप्रधान जनरल खिन न्युन्त यांनी 'लोकशाहीकडे सात पायऱ्या' असा आराखडा जाहीर केला होता. त्यातली मोठी पायरी म्हणजे नवी राज्यघटना. ती मंजूर कशी झाली ते बघा. २ आणि ३ मे २००८ ला नर्गिस चक्रीवादळ ऐरावतीच्या मुखावर आदळलं. सुमारे १,३८,००० माणसं मेली किंवा बेपत्ता झाली. भातखाचरांत प्रेतं तरंगत होती, आणि लष्कर परदेशी मदतीची जहाजं आत घ्यायला तयार नव्हतं. अशा वेळी १० मे ला, म्हणजे आठवडाभरात, सार्वमत घेतलं. वादळग्रस्त भागाला फक्त दोन आठवडे पुढे ढकललं, २४ मे. निकाल लावला : नव्वद टक्क्यांहून जास्त मतं घटनेच्या बाजूने. आम्ही कोकणातली माणसं. वादळानंतरचे आठ दिवस कसे असतात ते आम्हाला ठाऊक आहे. निसर्ग वादळानंतर घरावर पत्रे नव्हते तेव्हा कुणी मतपत्रिका घेऊन दारात आलं असतं तर काय केलं असतं आपण?

त्या घटनेत काय होतं? संसदेच्या दोन्ही सभागृहांत मिळून ६६४ जागा, त्यातल्या १६६ थेट सरसेनापतीने नेमलेल्या लष्करी अधिकाऱ्यांना. म्हणजे बरोबर पाव हिस्सा. आणि घटनेतली महत्त्वाची कलमं बदलायला पाऊणपेक्षा जास्त मतं हवीत. गणित करून बघा. निवडून आलेला एकूण एक खासदार एका बाजूला झाला तरी गणवेशातला एक तरी माणूस फुटल्याशिवाय घटना हलत नाही. संरक्षण, गृह आणि सीमा ही तीन खाती सरसेनापती ठरवणार. लष्कराचा अर्थसंकल्प लष्कराचा. जुन्या कृत्यांबद्दल कुणावर खटला नाही. आणि ज्याची मुलं परदेशी नागरिक आहेत त्याला राष्ट्राध्यक्ष होता येणार नाही. सू चींचे दोन्ही मुलगे ब्रिटिश नागरिक, तेव्हा हे कलम कुणासाठी लिहिलं ते सांगायला नको.

यातलं मला सगळ्यात जास्त बोचलं ते गृहखातं. कारण त्याच्या खाली 'सामान्य प्रशासन विभाग' होता. आपल्याकडचा तलाठी, तहसीलदार, प्रांत ही सगळी उतरंड एका खात्यात घाला, म्हणजे तो विभाग. जमिनीची नोंद, रहिवासाचा दाखला, सभेची परवानगी, घरी मुक्कामाला आलेल्या पाहुण्याची वर्दी, सगळं तिथे. २०१५ च्या नोव्हेंबरात सू चींच्या नॅशनल लीग फॉर डेमॉक्रसीने मतदान झालेल्या ४९१ जागांपैकी ३९० जिंकल्या. एवढा कौल मिळाला, पण गावातल्या माणसाला दाखल्यासाठी त्याच टेबलासमोर उभं राहावं लागत होतं, आणि त्या टेबलाचा वरचा साहेब जनरलच होता. हा विभाग नागरी मंत्रालयाकडे आला तो २०१८ च्या डिसेंबरात. पुढे दोन वर्षांत सत्ताच उलथली.

तरीही २०११ ते २०२१ ही दहा वर्षं वाया गेली असं मला म्हणवत नाही, आणि तिथेच माझं अडतं. जाणकारांनी लिहावं. तिकडे राहिलेलं कुणी आहे का इथे?

अनघा_पु | १ फेब्रुवारी, रात्री ९:५२

चांगला विषय घेतलात. मागची थोडी पार्श्वभूमी घालते, नाहीतर २००८ पासून सुरू झालं असं वाटेल.

२ मार्च १९६२ ला जनरल ने विनने ऊ नू यांचं निवडून आलेलं सरकार उलथलं. त्याच वर्षी ७ जुलैला रंगून विद्यापीठात विद्यार्थ्यांवर गोळीबार झाला आणि दुसऱ्या दिवशी विद्यार्थी संघाची इमारत सुरुंग लावून उडवली. सू चींचे वडील आणि स्वातंत्र्यलढ्याचे नेते आँग सान त्याच संघातून पुढे आले होते. पुढे दुकानं, गिरण्या, बँका सरकारजमा झाल्या आणि लाखो भारतीय वंशाची माणसं नेसत्या वस्त्रानिशी परत आली. १९८७ मध्ये २५, ३५ आणि ७५ क्यातच्या नोटा रातोरात रद्द केल्या, बदल्यात काहीही दिलं नाही. नंतर ४५ आणि ९० च्या नोटा आणल्या, कारण त्यांना नऊने भाग जातो आणि नऊ हा ने विनचा शुभांक. विद्यार्थ्यांच्या फीचे पैसे गेले, शेतकऱ्याने गाडग्यात ठेवलेले गेले. ८ ऑगस्ट १९८८ चा उठाव या पैशांच्या राखेतून आला. तो चिरडताना हजारो मारले गेले. १९९० च्या निवडणुकीत सू चींचा पक्ष ४८५ पैकी ३९२ जागा जिंकला आणि लष्कराने निकाल मानलाच नाही.

२००८ ची घटना हा १९९० वरून घेतलेला धडा होता. निवडणूक आधी घेतली की हरतो, म्हणून आधी कुंपण घालायचं आणि मग निवडणूक घ्यायची. भगवती_बंदर, तुमची किल्ल्यांची उपमा म्हणूनच पटली.

दूरदेशी | २ फेब्रुवारी, सकाळी ७:३०

मी होतो तिथे. २०१३ अखेर ते २०१६ अखेर, यांगोनमध्ये. मोबाइलचे मनोरे उभारायच्या कामावर. कंपनीचं नाव लिहीत नाही.

आधी सिमकार्डाचं सांगतो, कारण तिकडचा बदल मी त्या चिमुकल्या तुकड्यातून पाहिला. लष्करी राजवटीत एका सिमकार्डाला हजार-दीड हजार डॉलर मोजावे लागत. लोक घर गहाण ठेवून फोन घेत आणि रस्त्याकडेला टेबल टाकून मिनिटावर बोलायला भाड्याने देत. २०१४ मध्ये दोन परदेशी कंपन्यांची सेवा सुरू झाली आणि सिम आलं १,५०० क्यातला, म्हणजे तेव्हाच्या शंभरेक रुपयांना. पहिल्या दिवशी आमच्या गल्लीत लागलेली रांग मी कधी विसरणार नाही. आजीबाई गालाला तानाखा लावून, प्लास्टिकच्या बुटक्या खुर्च्या घरून आणून बसल्या होत्या. (तानाखा म्हणजे झाडाचं खोड सहाणेवर उगाळून लावायचा लेप. सहाणही थेट आपल्यासारखी.)

वर्तमानपत्रांचंही तेच. छापण्याआधी मजकूर तपासून घ्यायची सक्ती २०१२ च्या ऑगस्टमध्ये उठली आणि १ एप्रिल २०१३ पासून खाजगी दैनिकं निघायला लागली. मी गेलो तेव्हा चहाच्या टपरीवर एका टेबलाला चार-चार पेपर असायचे. तिकडे टपरी म्हणजे सगळं काही. दुधाचा दाट चहा, 'पलाटा' म्हणजे आपला पराठा, 'समुसा', आणि गप्पा. आमचा बर्मी सहकारी, त्याला मी 'को' म्हणजे दादा म्हणायचो, तो मला सांगायचा की पूर्वी शेजारच्या टेबलावर खबऱ्या बसलाय असं धरूनच बोलावं लागे. २०१४ मध्येही राजकारणाचं काही निघालं की त्याचा आवाज आपसूक खाली यायचा. २०१५ च्या सुमारास एक दिवस माझ्या लक्षात आलं की तो आता खाली येत नाही. कुठला कायदा आला आणि आवाज वर गेला असं काही झालं नव्हतं. तो हळूहळू वर आला.

निवडणुकीच्या दिवशी, ८ नोव्हेंबर २०१५ ला, आमची घरमालकीण पहाटे चारला उठली. जांभळी शाई लागलेलं करंगळीचं टोक तिने मला तीन दिवस दाखवलं. १९९० मध्ये तिने पहिल्यांदा मत दिलं होतं. पंचवीस वर्षांनी दुसऱ्यांदा.

म्हणून 'सगळं लष्कराचंच आखलेलं होतं' हे मला अर्धंच पटतं. घटना त्यांनी आखली हे खरं. त्या बाईची करंगळी त्यांनी आखलेली नव्हती.

सह्यकडा | २ फेब्रुवारी, दुपारी १२:१५

वेगळं मत मांडतो, राग मानू नये. मी निवृत्त सैनिक आहे, ईशान्येत नोकरी केली आहे, त्यामुळे थोडं सीमेवरून पाहतो.

म्यानमारमध्ये सरकार ज्यांना मानतं असे १३५ वांशिक गट आहेत. १९४८ मध्ये स्वातंत्र्य मिळालं आणि वर्षभरात कॅरेन उठले, कम्युनिस्ट उठले. काही महिने तर सरकारच्या ताब्यात रंगूनच्या बाहेर फारसं काही उरलं नव्हतं. तेव्हा देश टिकवला तो लष्कराने. नंतर शान, कचिन. अफूच्या पैशावर पोसलेल्या फौजा. अशा देशात लष्कर एका दिवसात बराकीत परतेल ही अपेक्षाच चूक होती. टप्प्याटप्प्याने सत्ता सोडणं हाच व्यवहार्य मार्ग होता आणि थेन सेन यांनी तो बऱ्यापैकी प्रामाणिकपणे चालवला. चीनच्या पैशाचं ऐरावतीवरचं म्यित्सोन धरण त्यांनी ३० सप्टेंबर २०११ ला लोकांच्या विरोधामुळे थांबवलं. बीजिंगला नाही म्हणायला छाती लागते.

सू चींनी सत्ता आल्यावर लष्कराशी संवाद ठेवायला हवा होता. त्यांनी घाई केली असं माझं मत.

निळावंती | २ फेब्रुवारी, दुपारी १:०५

सह्यकडा काका, घाई? मला तर उलट वाटतं. त्यांनी लष्कराला फार सांभाळून घेतलं, आणि नेमकं जिथे सांभाळून घ्यायला नको होतं तिथे.

एवढी चर्चा झाली आणि रोहिंग्या (राखाइन प्रांतातले मुसलमान) हा शब्द अजून एकदाही आला नाही. २५ ऑगस्ट २०१७ ला एका सशस्त्र गटाने पोलीस चौक्यांवर हल्ले केले आणि त्यानंतर लष्कराने उत्तर राखाइनमध्ये जे केलं त्यातून सात लाखांहून जास्त माणसं नाफ नदी ओलांडून बांगलादेशात गेली. गावंच्या गावं जाळली. इन दिन गावात दहा माणसांना मारून पुरलं, ते शोधून काढणाऱ्या दोन बर्मी पत्रकारांना, वा लोन आणि क्याव सो ऊ यांना, सात वर्षांची शिक्षा झाली. पाचशेहून जास्त दिवस ते तुरुंगात होते. आणि हे सगळं 'लोकशाही सरकार' असताना.

१९८२ च्या नागरिकत्व कायद्याने या लोकांना त्यांच्याच गावात परकं केलं होतं. निवडून आलेल्या सरकारने तो कायदा बदलायला हातही लावला नाही. डिसेंबर २०१९ मध्ये सू ची स्वतः हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात उभ्या राहिल्या आणि त्यांनी नरसंहाराचा आरोप फेटाळला. ज्या लष्कराने त्यांना पंधरा वर्षं घरात कोंडलं त्याच लष्कराची बाजू. मी कॉलेजात असताना माझ्या खोलीत त्यांचं चित्र होतं, केसात फूल माळलेलं. त्या दिवशी काढून ठेवलं. फेकवलं नाही, पण परत लावलंही नाही.

दूरदेशी, तुमच्या त्या स्वस्त सिमकार्डाबद्दलही लिहा. त्याच फोनवर फेसबुक आलं आणि त्याच फेसबुकवर या लोकांबद्दल काय काय पसरवलं गेलं. संयुक्त राष्ट्रांच्या चौकशी मंडळाने २०१८ मध्ये तसं स्पष्ट लिहिलं, कंपनीनेही आपण पुरेसं केलं नाही हे कबूल केलं.

भगवती_बंदर | २ फेब्रुवारी, रात्री १०:३०

निळावंती ताई, तुम्ही लिहिलंत ते बरोबर आहे आणि माझ्या मूळ लेखात ते यायला हवं होतं. मी राज्यघटनेच्या गणितात अडकलो.

सू चींबद्दल मी खूप विचार केला आहे. त्यांच्या हातात पोलीस नव्हते, सैन्य नव्हतं, सीमा नव्हती, हे खरं. सरसेनापतीला काढण्याचा अधिकार नव्हता. पण शब्द त्यांच्या हातात होता. तो कुणी घटनेत कोंडलेला नव्हता, आणि तो त्यांनी वापरला नाही. किल्ल्या नव्हत्या म्हणून दार उघडलं नाही, हे मी समजू शकतो. आत माणसं जळताहेत हे ओरडून सांगायला किल्ली लागत नाही.

आणखी एक माणूस इथे आठवावासा वाटतो. वकील ऊ को नी. राष्ट्राध्यक्षपदाचा रस्ता बंद केला म्हणून त्यांनी 'राज्य समुपदेष्टा' हे नवं पद कायद्यातून काढायची युक्ती शोधली आणि एप्रिल २०१६ मध्ये सू ची त्या पदावर बसल्या. आख्ख्या घटनेत लष्कराला न दिसलेली फट या एका माणसाला दिसली. घटनाच नवी लिहावी असं ते उघडपणे म्हणत. ते स्वतः मुसलमान होते. २९ जानेवारी २०१७ ला यांगोन विमानतळाबाहेर, कडेवर नातू असताना, त्यांना मागून गोळी घातली. मारेकऱ्याचा पाठलाग करणारा टॅक्सीवालाही मारला गेला. ज्या वाटेवर असा माणूस भरदिवसा मारता येतो त्या वाटेला 'टप्प्याटप्प्याने' म्हणायचं का, हे सह्यकडा यांनी सांगावं. मी खोचकपणे विचारत नाही.

शब्दवेल्हाळ | २ फेब्रुवारी, रात्री ११:१२

छोटीशी भर. मराठी पेपरांत 'डॉ. आँग सान सू ची' छापून येतं ते चूक. ते डॉक्टर नव्हे. 'डॉ' म्हणजे मावशी-काकू, वयाने मोठ्या बाईला आदराने लावायचं. तसंच 'ऊ' म्हणजे काका. ऊ थांट, ऊ नू, ऊ को नी.

आणि याच्याशी जुळणारं आणखी एक. सैन्याला बर्मीत 'तात्माडॉ' म्हणतात, त्यातला शेवटचा तुकडा राजेशाही मानाचा आहे. २०२१ नंतर लोकांनी तो शब्द वापरणं सोडलं. आता बहुतेक जण 'सित्तात' म्हणतात, म्हणजे नुसती 'फौज'. मान काढून घेतला.

तिसरीघंटा | ३ फेब्रुवारी, सकाळी ८:२०

सगळ्यांचं वाचलं. सह्यकडा म्हणतात तो टप्प्याटप्प्याचा मार्ग जगात यशस्वी झालेला आहे, म्हणून ती तुलना करून बघू.

इंडोनेशियात सुहार्तोच्या काळी लष्कराची 'दुहेरी भूमिका' होती : देश राखायचा आणि देश चालवायचाही. संसदेत राखीव जागा होत्या. बर्मी जनरलांनी नमुना म्हणून तोच डोळ्यांपुढे ठेवला होता. पण २१ मे १९९८ ला सुहार्तो गेले, पुढे पोलीसदल लष्करापासून वेगळं केलं, घटनेत एकामागून एक चार दुरुस्त्या झाल्या आणि २००४ पासून संसदेतल्या लष्कराच्या जागाच संपल्या. चिलीतही १९८० ची घटना लष्करशहा पिनोशेने लिहून घेतलेली. ५ ऑक्टोबर १९८८ च्या सार्वमतात सुमारे ५६ टक्के लोकांनी त्याला 'नाही' म्हटलं, तरी तो १९९८ पर्यंत लष्करप्रमुख होता. नेमलेले सिनेटर काढायला २००५ उजाडलं. पंधरा वर्षं लागली, पण निघाले.

मग बर्मात काय वेगळं? माझ्या मते दोन गोष्टी. एक, इंडोनेशियात आधी राजवट कोसळली आणि मग नियम बदलले. बर्मात राजवट कोसळलीच नव्हती, तिने कपडे बदलले. दुसरी, पोट. लष्कराचे म्यानमार इकॉनॉमिक होल्डिंग्ज आणि म्यानमार इकॉनॉमिक कॉर्पोरेशन असे दोन अवाढव्य उद्योगसमूह. बँका, बिअर, सिमेंट, बंदरं, फाकान्तचं हिरवं जेड. होल्डिंग्जचे भागधारक कोण, तर लष्कराच्या तुकड्या आणि आजी-माजी अधिकारी. घटना बदलणं म्हणजे त्यांच्या घरातलं ताट ओढणं. मार्च २०२० मध्ये सू चींच्या पक्षाने लष्कराच्या जागा हळूहळू कमी करायचा प्रस्ताव आणला, तोही संसदेत पडला. आणि नोव्हेंबर २०२० मध्ये पक्षाने ४७६ पैकी ३९६ जागा जिंकल्या, २०१५ पेक्षाही जास्त. सरसेनापतींची निवृत्ती जुलै २०२१ मध्ये येऊन ठेपली होती. घोटाळ्याचा आरोप करून त्यांनी पुढचं केलं.

मिझो_पाऊस | ३ फेब्रुवारी, दुपारी ४:४५

मी २०२० ते २०२३ ऐझॉलला शिक्षिका होते, मूळची सातारची. सीमेच्या या बाजूने काय दिसलं ते लिहिते.

मार्च २०२१ मध्ये चिन राज्यातले पोलीस तिआउ नदी ओलांडून यायला लागले. जमावावर गोळ्या झाडायचा हुकूम आला आणि तो पाळायचा नाही म्हणून आलेले. कोवळी पोरं होती. मग त्यांची कुटुंबं, मग गावंच. चिन आणि मिझो एकाच रक्ताचे, भाषा एकमेकांना कळते. दिल्लीहून सीमेवरच्या राज्यांना पत्र आलं की यांना आत घेऊ नका. मुख्यमंत्री झोरामथांगा यांनी पंतप्रधानांना लिहून कळवलं की हे आमचे भाऊबंद आहेत, आम्ही डोळे फिरवू शकत नाही. थोड्याच काळात तीस हजारांच्या वर माणसं मिझोराममध्ये होती. निर्वासितांच्या १९५१ च्या करारावर भारताची सही नाही, त्यामुळे केंद्राकडून त्यांना निर्वासित म्हणून काही मिळत नव्हतं. गावोगावच्या चर्चनी आणि तरुण संघटनांनी घराघरातून तांदूळ गोळा केला. माझ्या वर्गात एकाच वर्षी सात मुलं नवी आली. त्यातली एक मुलगी चित्रात नेहमी नदी काढायची आणि नदीच्या एका काठाला रंगच भरायची नाही.

भारताबद्दल मला वाईट वाटतं ते लिहूनच टाकते. १९८८ मध्ये आपण बर्मी विद्यार्थ्यांना आसरा दिला होता. मुंबईचे कामगार पुढारी जॉर्ज फर्नांडिस यांनी तर दिल्लीतल्या आपल्या सरकारी बंगल्यात त्यांना राहायला जागा दिली होती. नव्वदीच्या मध्यापासून आपण जनरलांशी जमवून घ्यायला लागलो. बंडखोरांचा बंदोबस्त हवा, चीनला तोल हवा, सित्त्वेचं बंदर हवं. कारणं खरी आहेत, मी नाकारत नाही. पण २०२४ मध्ये सीमेवरची मुक्त ये-जा बंद करायची घोषणा झाली तेव्हा त्या मुलीच्या चित्रातला काठ मला आठवला.

सह्यकडा | ३ फेब्रुवारी, रात्री ८:००

भगवती_बंदर, ऊ को नी यांच्याबद्दल मला माहिती नव्हती. काल रात्री त्यावर वाचलं. तुमच्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नाही.

देश टिकवायला लष्कर लागलं हे मी मागे घेत नाही. पण त्यातला एक मुद्दा मीच अर्धा सोडला होता, तो पुरा करतो. १२ फेब्रुवारी १९४७ ला पांगलाँगला आँग सान यांनी शान, कचिन आणि चिन पुढाऱ्यांशी करार केला होता, सीमेवरच्या मुलखाला अंतर्गत कारभारात स्वायत्तता द्यायची असा. पाच महिन्यांनी, १९ जुलैला, आँग सान यांची हत्या झाली आणि तो शब्द कुणी पाळला नाही. १९६२ चं कारणच हे सांगितलं गेलं की संघराज्य दिलं तर देश फुटेल. म्हणजे ज्या दुखण्यावर लष्कर औषध म्हणवत होतं ते दुखणं बऱ्याच अंशी शब्द मोडल्याचं होतं. कचिनांशी सतरा वर्षं टिकलेला युद्धविराम जून २०११ मध्ये मोडला, तोही थेन सेन यांच्याच काळात. त्यांच्या प्रामाणिकपणाबद्दल मी जे लिहिलं ते या एका बाबतीत टिकत नाही.

सैनिक म्हणून एक सांगतो. हुकूम न पाळता नदी ओलांडून येणं फार अवघड असतं. मिझो_पाऊस ताईंनी लिहिलेल्या त्या पोरांबद्दल मला आदर आहे.

निळावंती | ३ फेब्रुवारी, रात्री ९:२५

काका, मनापासून धन्यवाद.

काल मी रागाने लिहिलं होतं, म्हणून एक गोष्ट जोडते. २०२१ च्या उठावानंतर यांगोन-मंडालेतल्या कितीतरी तरुणांनी उघडपणे लिहिलं की रोहिंग्यांवर आलं तेव्हा आम्ही गप्प होतो, आम्हाला माफ करा. त्यांच्या दारात तेच सैनिक उभे राहिले तेव्हा त्यांना ते कळलं. लष्कराविरुद्ध उभ्या राहिलेल्या राष्ट्रीय एकता सरकारने जून २०२१ मध्ये १९८२ चा कायदा रद्द करायचं वचन दिलं आणि 'रोहिंग्या' हा शब्द वापरला, जो आधीच्या निवडून आलेल्या सरकारने उच्चारायचं टाळलं होतं. बांगलादेशातल्या कॉक्स बाजारच्या छावण्यांतली माणसं त्याने घरी गेली नाहीत. पण वचन कागदावर आहे.

अनघा_पु | ४ फेब्रुवारी, सकाळी १०:०५

२०२५ च्या निवडणुकीबद्दल कुणी काही लिहिलं नाही, म्हणून थोडक्यात. सू चींचा पक्ष मार्च २०२३ मध्ये निवडणूक आयोगाने नोंदणी नाही म्हणून विसर्जित केला. स्वतः त्यांना बंडानंतर तुरुंगात टाकलं, सुरुवातीला एकूण ३३ वर्षांची शिक्षा, नंतर २७ केली. २८ डिसेंबर २०२५ पासून टप्प्याटप्प्याने मतदान सुरू केलं, आणि देशाच्या मोठ्या भागात लष्कराला मतपेटी नेताच आली नाही. पुन्हा तीच युक्ती, २००८ सारखी. फक्त या वेळी दूरदेशींच्या घरमालकीणबाई पहाटे चारला उठल्या असतील असं मला वाटत नाही.

मंडालेच्या तुरुंगात टिळकांनी सहा वर्षं काढली ते आपण शाळेत शिकतो. त्याच शहरात आजही राजकीय कैदी आहेत. मार्च २०२५ च्या भूकंपात मंडाले आणि सगाइंग जमीनदोस्त झाले, तेव्हाही काही ठिकाणी हवाई हल्ले चालूच होते.

दूरदेशी | ४ फेब्रुवारी, रात्री ११:४०

निळावंती, फेसबुकबद्दल विचारलंत. खरं आहे. आम्ही मनोरे उभारत होतो तेव्हा कुणी विचारलं नाही की यावरून काय जाणार आहे. मीही नाही विचारलं. २०१४ च्या जुलैमध्ये मंडालेत एका खोट्या बातमीवरून दंगल पेटली, दोन माणसं मेली, आम्हाला आठवडाभर काम बंद ठेवायला सांगितलं, आणि आठवड्याने आम्ही परत मनोरे चढवायला लागलो. हे माझ्यावर आहेच.

घरमालकीणबाई २०१९ मध्ये गेल्या. बंड त्यांना बघावं लागलं नाही. त्यांची मुलगी माझ्या संपर्कात आहे. ती शिक्षिका होती. २०२१ मध्ये असहकारात उतरली, नोकरी गेली. संध्याकाळी आठला लोक खिडकीत उभे राहून भांडी बडवायचे, भूत घालवायची ती तिकडची जुनी रीत. त्या आवाजाचं रेकॉर्डिंग तिने मला पाठवलं होतं. तिच्या आईची अॅल्युमिनियमची किटली मला आवाजावरून ओळखू आली, की मला तसं वाटलं, माहीत नाही.

फेब्रुवारी २०२४ मध्ये सक्तीच्या लष्करभरतीचा कायदा अमलात आणला. पुरुष १८ ते ३५, बाया १८ ते २७. तिचा धाकटा भाऊ तेव्हा चोवीस वर्षांचा होता. वॉर्डाच्या अधिकाऱ्याकडून, म्हणजे भगवती_बंदर यांनी लिहिलेल्या त्याच टेबलावरून, यादी निघाली आणि त्यात त्याचं नाव आलं. त्यांनी स्कूटर विकली, आईची एक बांगडी विकली आणि त्याला रातोरात म्यावड्डीमार्गे थायलंडला पाठवलं. आता तो माय सोतला शिवणकामाच्या कारखान्यात आहे. मी अधूनमधून फोन करतो. परवा विचारलं, परत जाशील का. म्हणाला, को, आधी थायी लिहायला शिकतोय, इथे दुकानाच्या पाट्या वाचता येत नाहीत.